मूल घरी आणायचं असेल, तर त्याच्या आईलाही घरात जागा लागेल

प्रश्न असा आला आहे: "आम्ही दोघंही नोकरी करतो, सांगलीत स्वतःचं घर आहे. मी ४१ वर्षांची, हे ४६चे. लग्नाला सतरा वर्षं झाली. एक मुलगी, यंदा आठवीत. सासूबाई आमच्याकडेच असतात. दत्तक घ्यायचं नाही, पण एखाद्या गरजू मुलाला घरात वाढवावं असं फार वाटतं. दोन-तीन वर्षांचं मूल मिळेल का? किती दिवस ठेवता येतं? पुढे ते आपलं होतं का? आणि हे आपल्याला झेपेल की नाही, कसं ओळखायचं?"

ताई, तुमचा तिसरा प्रश्न आधी घेते, कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे. पुढे ते मूल तुमचं होईल का? बहुतेक वेळा होणार नाही. ते परत जाईल, आईकडे, आजीकडे नाहीतर मामाकडे. आणि ते नीट परत जावं म्हणून तुम्हालाच मनापासून खटपट करायची आहे. वीस-बावीस वर्षं मी बालसंरक्षणाच्या कामात आहे, शंभराहून जास्त घरांच्या गृहभेटी केल्या आहेत. जिथे जिथे हे फसलेलं पाहिलं, तिथे बहुतेकदा एकच गोष्ट राहून गेली होती. घरात मुलासाठी जागा केलेली असायची, कपाट असायचं, पलंग असायचा. त्याच्या आईवडिलांसाठी मात्र कुणाच्या मनात जागा नसायची.

तुम्ही जे म्हणताय त्याला कायद्याच्या मराठीत 'प्रतिपालकत्व' म्हणतात. बोलताना आम्हीही 'फॉस्टर' असंच म्हणतो. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाचं कलम ४४ यासाठी आहे. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं मूल संस्थेत न ठेवता दुसऱ्या कुटुंबात ठरावीक काळासाठी ठेवायचं आणि तो आदेश फक्त जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीने काढायचा. 'फक्त' हा शब्द लक्षात ठेवा. ही समिती म्हणजे अध्यक्ष आणि चार सदस्य, आणि तिला प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार असतात. ओळखीचा डॉक्टर, दवाखान्यातली मावशी, गावातला कुणी पुढारी "एक पोर आहे, घेऊन जा, पुण्य लागेल" म्हणाला, तर हात लावू नका, १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनच्या नंबरवर कळवा. असं परस्पर दिलंघेतलेलं मूल पुढे पोलीस केस होऊन बसतं, आणि त्यात सगळ्यात जास्त हाल त्या मुलाचेच होतात.

दत्तकात मूल कायद्याने तुमचं होतं. नाव, आडनाव, वारसा, सगळं. प्रतिपालकत्वात यातलं काहीच बदलत नाही. मुलाचं आडनाव त्याचंच राहतं, तुमच्या मालमत्तेत त्याला आपोआप हक्क मिळत नाही, आणि त्याच्या आईवडिलांशी असलेलं नातं कायद्याने तुटत नाही. याखेरीज आपल्याकडे बालसंगोपन योजना आहे, बऱ्याच वर्षांपासून चालत आलेली. आता तिला क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचं नाव आहे आणि तिच्यात मुलामागे महिना २,२५० रुपये मिळतात. मुळात तिचा हेतूही मुलाला संस्थेऐवजी कुटुंब मिळावं हाच. पण प्रत्यक्षात तिचा लाभ घेणारी बहुतेक मुलं आपल्याच विधवा आईकडे किंवा आजी-आजोबांकडे राहणारी असतात. म्हणून कार्यालयात जाऊन "बालसंगोपन" म्हणालात तर तुमच्या हातात तोच फॉर्म ठेवतील. "प्रतिपालकत्वासाठी कुटुंब म्हणून नाव नोंदवायचंय" असं स्पष्ट सांगा.

दोन-तीन वर्षांचं मूल मिळणार नाही. इतकी लहान मुलं, ज्यांना कुणीच नाही, ती विशेष दत्तक संस्थेत जातात आणि तिथून दत्तक. त्यांच्यासाठी वाट पाहणाऱ्या पालकांची मोठी रांग लागलेली असते. दत्तक जाऊ शकणारं मूल दीर्घकाळ प्रतिपालकत्वात देऊ नये, असं कायद्यातच आहे. प्रतिपालकत्वात येणारी मुलं सहा वर्षांच्या वरची. कुणाची आई मानसिक आजाराच्या उपचारांत आहे, कुणाचे वडील तुरुंगात आहेत, कुणाच्या घरी इतकी मारहाण होती की समितीला मूल बाहेर काढावं लागलं. अपवाद म्हणून अशीही काही मुलं येतात, जी कायद्याने दत्तकासाठी मोकळी असतात, पण वय वाढलं किंवा अपंगत्व आहे म्हणून वर्षानुवर्षं त्यांना कुणी घेतलेलं नसतं. भावंडंही असतात, आणि शक्यतो त्यांची ताटातूट करायची नसते. म्हणजे तुमच्या घरी येईल ते बाळ नसेल, नऊ-दहा वर्षांचा अख्खा माणूस असेल. त्याला आपली बोली असेल, आपल्या देवाचं नाव असेल, भीती असेल, आणि आई कशी होती याची पक्की आठवण असेल.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते, ते त्या मानाने सोपं आहे. पूर्वी फक्त जोडप्यांना परवानगी होती. २०२४ च्या सुधारित मार्गदर्शक तत्त्वांनंतर ३५ ते ६० वयाच्या एकट्या व्यक्तीही अर्ज करू शकतात, मात्र एकट्या पुरुषाला मुलगाच देतात. जोडप्याचा संसार किमान दोन वर्षं स्थिर असावा लागतो. तुम्ही दोघं वयाने आणि लग्नाच्या वर्षांनीही त्यात बसता. नोंदणी 'कारा'च्या, म्हणजे दत्तकाचं काम पाहणाऱ्या केंद्रीय प्राधिकरणाच्या, पोर्टलवर होते, पण आधी जिल्हा बाल संरक्षण कक्षात प्रत्यक्ष जा. तिथल्या 'संस्थाबाह्य काळजी' पाहणाऱ्या संरक्षण अधिकाऱ्यांना भेटा. ओळखपत्रं, उत्पन्नाचा पुरावा, लग्नाचा दाखला, घरातल्या सगळ्यांची वैद्यकीय तपासणी, पोलीस पडताळणी आणि तुम्हाला चांगलं ओळखणाऱ्या दोघांचे संदर्भ, एवढं लागतं. मग गृह अभ्यास होतो. अहवाल मान्यता समितीपुढे जातो, तुमचं नाव यादीत येतं, आणि योग्य मूल समोर आलं की जुळवणी.

गृह अभ्यासाला लोक घाबरतात, घर रंगवून घेतात. आम्ही रंग बघत नाही. मी स्वतः काय बघते ते सांगते. घरातलं सगळ्यात म्हातारं माणूस आणि सगळ्यात लहान माणूस माझ्याशी एकेकटं बोलतं का? नवराबायकोत एखाद्या गोष्टीवर मतभेद झाला, तर तो माझ्यासमोर झाकतात की सरळ बोलतात? तुमच्या स्वतःच्या लहानपणी मार बसला होता का, आणि त्याबद्दल आज काय वाटतं? एका घरात चहा होईपर्यंत सगळं छान होतं. निघताना बाई म्हणाल्या, "दहा-बारा वर्षांची मुलगी बघा, आमच्या आईंचं उठणंबसणं करेल, तिलाही घर मिळेल." मी त्या घराला नकार दिला. पुढे दोन वर्षं त्या घरातून ओळखीपाळखीचे फोन येत राहिले, तरी नकार बदलला नाही. घरकामाला हात लावायला आपलं मूलही लावतोच आपण. पण ज्या घरात मूल कशासाठी हवं याचं उत्तर कामाने सुरू होतं, तिथे मूल द्यायचं नाही.

पैशाचंही सांगून टाकते. केंद्राच्या मिशन वात्सल्यमधून मुलामागे महिना ४,००० रुपये मिळतात. ते मुलाच्या खाण्यापिण्याला, शाळेला, औषधाला आहेत. दर महिन्याच्या एक तारखेला येतीलच असं धरून चालू नका. कधी तीन-चार महिन्यांचे एकदम येतात. ते पैसे आले नाहीत तरी मुलाची वही-पेन्सिल अडणार नाही एवढी ऐपत असावी. त्याहून जास्त श्रीमंतीची गरज नाही. मी पाहिलेल्या सर्वांत चांगल्या घरांपैकी एक घर पिठाची गिरणी चालवणाऱ्याचं होतं.

आता मूल घरात आल्यावरचं. पहिले तीन-चार आठवडे मूल पाहुण्यासारखं वागतं. ताट घासून ठेवतं, सगळ्यांना नमस्कार करतं, तुम्ही खूश होता, शेजारी म्हणतात "किती गुणी आहे". पहिल्याच दिवशी "आई" म्हणून हाक मारली तर डोळ्यांत पाणी येईल तुमच्या. पण बालगृहात वाढलेली मुलं येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक बाईला आई म्हणतात. त्या हाकेत अजून तुम्ही नसता. ती घाईने स्वीकारू नका आणि नाकारूही नका. "मावशी म्हण, काकू म्हण, तुला बरं वाटेल ते म्हण" एवढं सांगा.

मग एक दिवस ते गुणी मूल संपतं. खोटं बोलतं, वस्तू लपवतं, तुमच्या मुलीची आवडती पेन मोडतं, अंथरुणात शू करतं, "मला इथे राहायचंच नाही" म्हणून दार आपटतं. या वळणावर बहुतेक पालक मला फोन करतात, आवाज पडलेला असतो. मी त्यांना सांगते की आता खरी सुरुवात झाली आहे. इथे वाईट वागलो तर मला परत पाठवतात का, हे ते मूल तपासून बघत असतं. आधी कुणीतरी पाठवलेलं असतं ना.

खाणं लपवणं तर इतकं ठरलेलं आहे की मी आधीच सांगून ठेवते. आठ वर्षांचा एक मुलगा एका शिक्षक दांपत्याकडे आला होता. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलते. तो उशीच्या अभ्र्यात पोळ्या ठेवायचा. वास सुटला, मुंग्या झाल्या. बाईंनी रागावण्याऐवजी एक स्टीलचा डबा आणला, त्यात चिवडा, चिक्की, दोन लाडू भरले आणि त्याच्या पलंगाशी ठेवला. "हा तुझा. रात्री भूक लागली तर विचारायचं नाही, घ्यायचं. रोज संध्याकाळी मी भरून ठेवेन." पहिला महिनाभर डबा रोज रिकामा व्हायचा. तिसऱ्या महिन्यात लाडू तसेच राहायला लागले. एकदा त्यानेच येऊन सांगितलं, "काकू, डबा आज भरू नका, मऊ पडतोय चिवडा." त्या दिवशी बाईंनी मला शाळेतून फोन केला. बालमानसशास्त्राचं कितीही वाचलं तरी मला तो डबाच पहिल्यांदा आठवतो.

संस्थेतून आलेल्या मुलाला अगदी साध्या गोष्टी माहीत नसतात. पाणी प्यायला परवानगी मागतं. एकट्याने खोलीत झोपायची भीती वाटते, कारण चाळीस जणांच्या हॉलची सवय असते. दुकानातून सुटे पैसे मोजून आणता येत नाहीत. पहिल्या महिन्यात त्याला शिकवणी लावू नका. भाजी आणायला घेऊन जा. शाळा बदलणार असेल तर मुख्याध्यापकांना आधी भेटा, आणि वर्गात "तुझं आडनाव वेगळं का?" असं विचारल्यावर काय उत्तर द्यायचं ते मुलाबरोबर बसून ठरवा. "मी यांच्याकडे राहतो" एवढं पुरतं. जास्त कुणाला सांगायचं ते त्यानेच ठरवायचं. आणि त्याचा फोटो व्हॉट्सअॅपच्या स्टेटसला, फेसबुकवर, कुठेही टाकायचा नाही. अशा मुलाची ओळख उघड करणं हा कलम ७४ खाली गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. सासूबाईंच्या भजनी मंडळातल्या बायकांनाही त्याची कर्मकहाणी सांगायची नाही, हे घरात सगळ्यांसमोर ठरवून घ्या.

एक अवघड गोष्ट स्पष्टच लिहिते. यांतल्या काही मुलांवर लैंगिक अत्याचार झालेले असतात, आणि ते फाइलमध्ये लिहिलेलं असेलच असं नाही. म्हणून पहिल्या दिवसापासून घराचे नियम सगळ्यांना सारखे ठेवा. प्रत्येकाचं झोपायचं ठिकाण वेगळं. आंघोळीचं आणि कपडे बदलण्याचं दार बंद. न विचारता कुणी कुणाला मिठी मारायची नाही, अगदी मायेनेही. मुलाने असं काही सांगितलं तर खोदून विचारू नका, "सांगितलंस ते बरं केलंस" म्हणा आणि त्याच दिवशी आम्हाला कळवा. पोक्सो कायद्याखाली कळवणं बंधनकारक आहे.

आता त्याची आई. माझ्या मते या कामातला सगळ्यात कठीण भाग हाच आहे, आणि त्याची तयारी कुणीच करून येत नाही. समितीने मुलाच्या हिताविरुद्ध आहे असं ठरवलं नसेल, तर आईवडिलांना मुलाला भेटायचा हक्क असतो. भेट बहुतेकदा समितीच्या कार्यालयात किंवा संस्थेत होते. वर सांगितलेल्या, पोळ्या लपवणाऱ्या मुलाची आई मनोरुग्णालयात उपचार घेऊन बाहेर आली होती, भावाकडे राहत होती. महिन्यातून दोनदा भेट. प्रत्येक भेटीच्या रात्री मुलगा अंथरूण ओलं करायचा, दोन दिवस जेवायचा नाही. त्या शिक्षिका बाई मला म्हणाल्या, "ताई, या भेटी थांबवा. इतकं कमावलेलं एका तासात वाया जातं." मला त्यांचं दुःख कळत होतं, तरी मी नाही म्हटलं. मुलगा बिघडत नव्हता, त्याला आईची आठवण येत होती, आणि ती आठवण काढायला आता त्याच्याजवळ सुरक्षित घर होतं.

पुढे काय झालं ते बाईंनी स्वतःच घडवलं, मी फक्त बघितलं. पुढच्या भेटीला त्यांनी मुलाच्या हातात त्याची चित्रकलेची वही दिली, "आईला दाखव." त्याच्या पुढच्या वेळी एक डबा दिला, दोघांपुरता. मग एकदा त्या स्वतः आईशेजारी बसल्या आणि विचारलं, "लहानपणी हा काय खायचा?" आईने शेंगोळ्या सांगितल्या. बाईंच्या घरी शेंगोळ्या कधी होत नव्हत्या, त्या आईकडूनच शिकल्या. त्या दिवसानंतर भेटीच्या रात्री कमी अवघड होत गेल्या. एकोणीस महिन्यांनी मुलगा आईकडे परत गेला. बाई महिनाभर आजारी असल्यासारख्या होत्या. मी आठवड्याला जाऊन बसत होते, कारण मूल गेल्यावर प्रतिपालकांनाही कुणीतरी लागतं, आणि त्याची तरतूद कुठल्याच नियमात लिहिलेली नाही. तो मुलगा आता गणपतीत दोन दिवस त्यांच्याकडे येतो. आईच आणून सोडते.

लोक अशा बाईला यशोदा म्हणतात. कौतुकाने म्हणतात, पण कृष्ण मथुरेला गेला तो गोकुळात राहायला परत आला नाही, हे त्या कथेतच आहे. यशोदा म्हणवून घ्यायचं तर त्या भागासकट.

किती दिवस, हा तुमचा दुसरा प्रश्न. आदेश अल्पकालीन असतो किंवा दीर्घकालीन. अल्पकालीन म्हणजे एक वर्षापर्यंत. समिती आढावा घेऊन पुढे वाढवत नेते आणि गरज असेल तर अठरा पूर्ण होईपर्यंत. दर महिन्याला तपासणी व्हावी असं कायदा म्हणतो. तिला पोलीस तपासणी समजू नका. जे अधिकारी येतील त्यांना त्या महिन्यात जे बिघडलं तेही सांगा. लपवलेल्या अडचणींपायीच मुलं अचानक परत पाठवली जातात. अठरानंतर गरज असेल तर एकविसापर्यंत अनुरक्षणाची, म्हणजे पुढच्या राहण्या-शिकण्याच्या आधाराची, सोय आहे. मूल अनाथ असेल तर अनाथ प्रमाणपत्र वेळेत काढून ठेवा. राज्यात २०१८ पासून अनाथांना शिक्षण आणि नोकरीत एक टक्का आरक्षण आहे.

आणि हो, दत्तकाचं दार पूर्ण बंद नाही. मूल कायद्याने दत्तकासाठी मोकळं झालं आणि तुमच्याकडे किमान दोन वर्षं राहिलेलं असेल, तर तुम्ही त्याला दत्तक घेण्याचा अर्ज करू शकता. ही मुदत पूर्वी पाच वर्षांची होती. पण हे मनात धरून सुरुवात करू नका, हात जोडून सांगते. तसं धरलेल्या घरात आईची प्रत्येक भेट ही धोक्यासारखी वाटते, आणि मुलाला ते बरोबर कळतं. दत्तकच हवं असेल तर सरळ दत्तकाची नोंदणी करा, त्यात कमीपणा काही नाही.

झेपेल का, हे ओळखायला माझ्याकडे दोनच गोष्टी आहेत. पहिली म्हणजे सासूबाई. त्यांनी "तुमची इच्छा" म्हटलं तर तो होकार धरू नका. जात कुठली, आईबाप कसे होते, देवघरात येऊ द्यायचं का, हे प्रश्न त्यांच्या मनात असणारच, आणि ते मूल यायच्या आधी जेवणाच्या ताटावर निघालेले बरे. दुसरी तुमची लेक. तिला "तुला भाऊ हवा ना?" असं विचारू नका, ती तुम्हाला खूश करायला हो म्हणेल. तिला विचारा, की तुझ्या दहावीच्या वर्षी घरात रात्री कुणी रडत असेल, आम्ही दोघं त्याच्याजवळ बसलेलो असू, तर चालेल का? तुझ्या खोलीतली कुठली वस्तू कुणी हात न लावता ठेवायची? ती चिडली, रडली तरी चालेल, ते खरं उत्तर आहे. ती नाही म्हणाली तर तिची दहावी होऊ द्या. दरम्यान जवळच्या बालगृहात दर रविवारी दोन तास अभ्यास घ्यायला जा, तिघंही जा. तेही गरजेचंच काम आहे.

ती हो म्हणाली, तर कक्षात भेटायला जाताना तिला बरोबर घेऊन जा. आणि तिच्याकडून एक चाळीस पानी वही करून घ्या. घराचा फोटो, जिन्याचा, संडास-बाथरूमचा, जिथे तो झोपणार त्या कोपऱ्याचा, आजीचा, शाळेच्या रस्त्याचा. खाली तिच्या अक्षरात एकेक ओळ: आजी पाचला उठते, नळाला पाणी सकाळी येतं, शनिवारी आमच्याकडे खिचडी असते. जुळवणीच्या पहिल्या भेटीला खेळणी नेऊ नका, ही वही न्या आणि मुलाजवळ ठेवून या. दुसऱ्या भेटीला गेलात की ते मूल त्यातलं काहीतरी विचारेल. बहुतेक जणांचा पहिला प्रश्न रात्री दिवा चालू ठेवता का, असाच असतो.